आधी ओ कुणाला?

सर्व्हर नीट चालला तर त्याचा किस्सा होत नाही. कुणी घरी जाऊन सांगतं का, “अगं, आज मी बटण दाबलं आणि लगेच उत्तर आलं!” नाही ना? किस्सा होतो तो उत्तर न आल्यावर. आणि ज्यांना उत्तर आलेलं नाही अशी तमाम जनता दिवसभर आमच्याकडेच येते. त्यामुळे आमच्याकडे किश्शांचा इतका ढीग साठलाय की टीममध्ये नवा माणूस आला की आम्ही आधी त्याला किस्से सांगतो आणि मग पासवर्ड देतो.

मी शुभदा, मूळची सोलापूरची, म्हणजे तोंड जरा सुटलेलंच. गेली काही वर्षं चेन्नईत आहे. ओरगडमला ट्रकचा एक मोठा कारखाना आहे, त्याची सगळी कॉम्प्युटर यंत्रणा आमच्या कंपनीकडे. लाइनवर ट्रक पुढे सरकत असतो आणि प्रत्येक ठिकाणचं मशीन आमच्या सर्व्हरला विचारतं, “आता कुठला पार्ट बसवू?” सर्व्हर एक नाही, पुष्कळ आहेत. काही चेन्नईत, काही दुसऱ्या शहरांत. सगळे मिळून एकच असल्यासारखे वागतात, निदान वागायला हवेत. उत्तर उशिरा गेलं की लाइन थांबते. त्याच सर्व्हरवर डीलर सुटे भाग मागवतात, ऑफिसवाले रिपोर्ट काढतात, गेटवाले गाड्यांची नोंद करतात. कुणाला किती वेळात उत्तर मिळायला हवं आणि गर्दी झाली की आधी कुणाला द्यायचं, हे बघणारी आमची चौघांची टीम. भारदस्त नाव ‘सर्व्हिस क्वालिटी’.

*

टीमची प्रमुख वसंता राव. आम्ही तिला वसंताक्का म्हणतो. तिची मंडळी तंजावरची मराठी, कित्येक पिढ्या तमिळनाडूत. अक्काचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी चाटच पडले होते. “बैसा, कॉफी जाली का?” असं कुणी ऑफिसात विचारतं का हो! आणि वाक्य संपताना सूर अस्सा तमिळ हेलकावा घेतो की आपणही नकळत मान हलवतो.

तिचे वडील, अप्पा, तिच्याजवळच राहतात. त्यांना एकदा प्रश्न पडला की आपली लेक सकाळी जाते ती नेमकं करते काय. अक्कानं पुष्कळ समजावलं. सर्व्हर म्हणजे काय, नेटवर्क म्हणजे काय. अप्पांच्या चेहऱ्यावरची माशी हलेना. शेवटी ती म्हणाली, “अप्पा, खूप जण एकदम हाक मारतात. आधी ओ कुणाला द्यायची, तें मी ठरवितें.”

अप्पा म्हणाले, “हें काम तर तुझी आई घरीं करीत होती! तिला कुणी मॅनेजर म्हटलें नाहीं.”

*

आता हा ‘आधी कुणाला’चा घोळ ऐका.

सुरुवातीला आम्ही भोळेपणानं कारखान्याच्या प्रत्येक विभागाला विचारलं, “तुमचं काम किती तातडीचं?” चार दर्जे ठेवले होते. सगळ्यांनी पहिला दर्जा घेतला. सगळ्यांनी! बागेला पाणी घालायचा टायमर सांभाळणाऱ्यानंसुद्धा. मुरुगन, म्हणजे आमच्या टीममधला मदुरैचा, तो म्हणाला, “छान झालं. सगळेच पहिले, म्हणजे सगळे सारखेच. आपण घरी जाऊ.”

अक्कानं मग प्रश्नच फिरवला. फोन करून प्रत्येकाला विचारलं, “तुमच्या आधी कुणाला थांबवलं तर चालेल?” आणि काय आश्चर्य! सगळ्या विभागांचं एकमत. कँटीन! जेवणाच्या कुपनांचं मशीन थांबलं तर काय बिघडतंय?

ओंकार आमच्यातला सगळ्यात तरुण आणि सगळ्यात तापट, कोल्हापूरचा. त्यानं टेबलावर हात आपटला. “बघा, याला म्हणतात लोकशाही!” कँटीन सगळ्यात खाली गेलं.

महिनाअखेर आली. डीलरांची झुंबड उडाली, सर्व्हरांवर ताण आला आणि यंत्रणेनं आज्ञाधारकपणे कँटीनला थांबवलं. कँटीनच्या दारातलं ते कुपनांचं मशीन ओळखपत्र घेईना. ओळखपत्र घेतल्याशिवाय दार उघडेना. अख्खी शिफ्ट बाहेर उन्हात उभी. जेवणाची सुट्टी संपली, घंटा झाली, मशीनं सुरू झाली, आमचे सर्व्हर ताडताड उत्तरं द्यायला लागले, आणि लाइनवर माणूसच नाही! सगळे रांगेत, उपाशी आणि संतापलेले.

लाइन थांबली. चौकशी झाली. अहवालात कारण काय लिहायचं यावर बराच खल झाला. शेवटी मुरुगननं तोंडीच सांगून टाकलं, “सर, सर्व्हर चांगला होता. सांबार पोचलं नाही.”

*

हसू नका. कारण हे प्रकरण फार महागात पडणार होतं.

कारखान्याच्या बाजूनं आमच्यावर लक्ष ठेवणारे सेल्वराज सर. उंच, जाड मिशा, कौतुक या विषयाशी संबंध नाही. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, “वार्षिक आढाव्यापर्यंत लाइन पुन्हा एकदा जरी तुमच्यामुळे थांबली, तर हे काम मी हैदराबादच्या टीमला देतो. त्यांचं प्रपोजल माझ्याकडे आलेलंच आहे.”

म्हणजे आमची टीम बरखास्त. आम्हाला कंपनी दुसऱ्या शहरात टाकणार. माझं ठीक होतं हो, एक बॅग आणि एक कुकर. ओंकारला तर पुणं मिळालं असतं तर त्यानं पेढे वाटले असते. पण अक्का?

अप्पांना डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. वेलचेरीच्या सखल भागातल्या तळमजल्याच्या घरात ते हातानं बघतात. दारापासून खुर्ची, खुर्चीपासून देव्हारा, देव्हाऱ्यापासून स्वयंपाकघर, सगळं बोटांना पाठ. स्वतःची कॉफी स्वतः करतात. रस्त्यावरचा भाजीवाला त्यांना हात धरून पलीकडे नेतो. नव्या शहरात, नव्या घरात, त्या वयात त्यांनी पुन्हा पहिल्यापासून भिंती चाचपायच्या? आणि अक्काच्या वयाला चेन्नईत नवी नोकरी कोण देणार?  त्या दिवशी तिनं डबा उघडलाच नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

*

तर आम्ही जिवाच्या आकांतानं कामाला लागलो. पहिली गोष्ट, नीट मोजायचं. उत्तर किती वेळात जातंय हे कळायला मुरुगननं एक खोटा डीलर तयार केला. त्याचं नाव ठेवलं कुप्पुसामी. हा कुप्पुसामी दर मिनिटाला आपोआप एक ऑइल फिल्टर मागवायचा, उत्तर यायला किती वेळ लागला ते नोंदवायचा आणि लगेच ऑर्डर रद्द करायचा.

आकडे बघून आम्ही खूश! कुप्पुसामीला पापणी लवायच्या आत उत्तर मिळत होतं. पण खरे डीलर फोन करून शिव्या घालत होते. हे कसं काय? आम्ही कितीतरी दिवस त्या पडद्याकडे बघत बसलो. शेवटी अक्काच्या ध्यानात आलं. कुप्पुसामी रोज तेच ते विचारायचा, त्यामुळे त्याचं उत्तर इथल्या जवळच्या सर्व्हरला पाठ झालं होतं! खऱ्या डीलरची चौकशी मात्र दूरच्या शहरातल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायची. आमच्या सेवेवर अख्ख्या तमिळनाडूत एकच गिऱ्हाईक समाधानी होतं, आणि ते आम्हीच जन्माला घातलेलं.

आम्ही दुरुस्ती करेपर्यंत पुढचंच घडलं. कारखान्याच्या विक्री विभागानं ‘सर्वात नियमित डीलर’ शोधला. कोण निघणार? एग्मोरच्या एका हॉटेलात सत्काराचं आमंत्रण थेट आमच्या मेलवर आलं!

मुरुगन म्हणाला, “मी जातो आणि खरं काय ते समजावून सांगतो.” गेला. दारात नाव विचारलं. हा म्हणाला, “मी कुप्पुसामीच्या संदर्भात...” झालं! पुढचं कोण ऐकतंय? धरून स्टेजवर नेलं, गळ्यात हार, खांद्यावर जरीची शाल, आणि हातात माइक. “दोन शब्द बोला.”

मुरुगन पापभीरू माणूस, खोटं बोलवेना. म्हणाला, “सेवा उत्तम आहे. पण माझ्यासारख्याकडे जरा जास्तच लक्ष दिलं जातं असं मला वाटतं.”

अशी टाळी पडली म्हणता! आणि मग एकेक खरा डीलर उठून आपलं रडगाणं सांगू लागला. मुरुगन जेवण सोडून सगळं ऐकत बसला. त्या वर्षात मिळालेली सगळ्यात उपयोगाची माहिती तीच. शाल अजून त्याच्या खुर्चीवर असते, आमच्या ऑफिसचा एसी फार गार आहे.

*

दुसरी गंमत ओरगडमची. लाइनच्या शेवटी तपासणीचं एक टेबल आहे. तिथे देवकी नावाची बाई स्कॅनर लावते, बटण दाबते, आमचा सर्व्हर ट्रकचे सगळे पार्ट बरोबर आहेत का ते पडताळतो आणि हिरवी खूण देतो. आम्ही हे उत्तर खूप वेगवान केलं. ओंकारनं त्यासाठी जीव काढला होता. आणि वेग वाढवल्यावर त्या टेबलावरून येणाऱ्या चौकशा दुप्पट झाल्या! तेवढेच ट्रक, मग चौकशा दुप्पट का?

मी आणि ओंकार बघायला गेलो. देवकीनं बटण दाबलं. हिरवी खूण क्षणात आली. तिनं पुन्हा बटण दाबलं.

ओंकार म्हणाला, “अहो, आलं की उत्तर!”

ती म्हणाली, “एवढ्यात? तपासलं की नुसतं हो म्हटलं?”

ओंकारचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.  मग त्यानं पडद्यावर एक गोल फिरणारं चाक बनवलं. उत्तर तयार असलं तरी चाक जरासं फिरायचं आणि मग हिरवी खूण यायची. पुढच्या आठवड्यात देवकीचा निरोप आला, “आता फार फास्ट झालंय. थँक्यू.”

माणसाला कशाला लवकर म्हणावंसं वाटतं आणि कशाला उशीर, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर सांगा.

*

अप्पांचा फोन हा ऑफिसात स्वतंत्र विषय. दिवसभरात केव्हाही वाजायचा. “वसंता, दही कुठें ठेविलेंस?” “वसंता, रेडिओ बोलेना.” एकदा तर सेल्वराज सरांबरोबर मीटिंग चालू असताना, “वसंता, आज वार कोणता?”

ओंकारला राहवेना. एका रविवारी आम्ही तिच्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा त्यानं अप्पांना आमच्याच धंद्यातली शिस्त शिकवली. “अप्पा, हे बघा, फक्त अर्जंट असेल तेव्हाच फोन करायचा. दही अर्जंट नाही. वार अर्जंट नाही.” अप्पांनी मनापासून ऐकलं, मान डोलावली. फोन बंद झाले. अक्कालाही जरा उसंत मिळाली.

मग डिसेंबर आला. चेन्नईचा डिसेंबर म्हणजे काय ते वेलचेरीत राहणाऱ्याला विचारा. आमच्या ऑफिसकडे नुसता पाऊस होता, तिकडे रस्त्याची नदी झाली. अक्का निर्धास्त. अप्पांचा फोन नाही म्हणजे सगळं ठीक! शेवटी शेजारणीचा फोन आला, घरात पाणी शिरलंय. अक्का आणि मुरुगन गुडघाभर पाण्यातून घरी पोचले. अप्पा पलंगावर मांडी घालून बसलेले, हातात काठी, खाली घरभर पाणी.

“अप्पा! फोन काय म्हणून केला नाहीं?” अक्का रडकुंडीला आली होती.

अप्पा शांतपणे म्हणाले, “अर्जंट नव्हतें. मी काठीनें पाहिलें ना. पाणी पलंगाच्या पायास लागलें होतें, माझ्या पायास नाहीं.”

 दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओंकारनं यंत्रणेत एक नवी गोष्ट घातली. जे मशीन बराच वेळ काहीच विचारत नाही, ते आमच्या पडद्यावर लाल होतं. आणि अप्पांना त्यानं स्वतः फोन करून सांगितलं, “अप्पा, वारसुद्धा विचारा.”

*

लाइन वर्षभर थांबली नाही. होता होता आढावा आला. सेल्वराज सर आमच्या ऑफिसात येऊन बसणार, आणि त्यांच्या लॅपटॉपवर त्यांचा लाडका डॅशबोर्ड चालू असणार. डॅशबोर्ड म्हणजे मोठमोठे रंगीत आकडे. आज किती ट्रक झाले, कुठे किती वेळ लागला. आठवडाभर आधीच त्यांनी फोनवर बजावलं होतं, “माझा डॅशबोर्ड क्षणभरसुद्धा अडकता कामा नये.”

आणि अक्कानं तो ठेवला होता सगळ्यात खाली.

आम्ही तिघं तिच्या पाठीच लागलो. मी म्हटलं, “अक्का, एका दिवसासाठी वर घे गं. कुणाला कळणारे?” मुरुगननं तर हात जोडले.

अक्का म्हणाली, “गर्दी जाली आणि त्यांचा डॅशबोर्ड वर असला, तर लाइन मागे पडेल. डॅशबोर्ड थांबला तर काय थांबतें, सांगा?”

“आपली टीम थांबते!” ओंकार ओरडला. “आणि अप्पांचं काय, अक्का?”

 ती म्हणाली, “अप्पांना मध्यें आणूं नको.” आणि उठून गेली. मला तिचा इतका राग आला होता म्हणून सांगू! हट्टीपणालाही काही सीमा असते.

आढाव्याचा दिवस. सेल्वराज सर आले, कॉफी झाली, डॅशबोर्ड उघडला. आकडे झळकत होते. अर्धं काम झालं असेल नसेल, मुरुगनच्या फोनवर मेसेज आला. मेट्रोच्या खोदकामात मशीननं जमिनीखालची केबल तोडली होती. चेन्नईतले आमचे निम्मे सर्व्हर एका फटक्यात तुटले. उरलेल्यांवर सगळा भार.

सरांचा पडदा थिजला. मग पांढरा झाला. मग त्यावर ओळ आली, “कृपया थांबा.”

सर थांबले. आमच्यातलं कुणी कुणाकडे बघेना. 

सरांनी खिशातून फोन काढला आणि थेट लाइनवरच्या सुपरवायझरला लावला. फोन स्पीकरवर होता. “लाइन थांबली का?”

“नाही सार, ओडुदु,” तिकडून आवाज आला. म्हणजे चालू आहे.

“नीट बघून सांग.”

“समोरच आहे सार. चालू आहे. का? काही झालं का?”

सरांनी फोन ठेवला. पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं. मग अक्काकडे पाहिलं. “माझा नंबर कितवा आहे?”

अक्का उभी राहिली. “शेवटचा, सर.”

“शेवटचा म्हणजे? कँटीनच्या नंतर?”

“कँटीनच्या बऱ्याच नंतर, सर.”

“कुणी ठेवला?”

“मी.”

मुरुगननं डोळे मिटून घेतले होते.  अक्का सरांकडेच बघत होती.

सरांनी मिशीवरून हात फिरवला. लॅपटॉप सावकाश बंद केला. मग पुन्हा फोन काढला, नंबर लावला, आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बोलू लागले.

“हॅलो, हैदराबाद? सेल्वराज बोलतोय. तुमचं प्रपोजल परत पाठवतोय... नाही, नाही, काम तुमचं चांगलंच असेल, त्याबद्दल शंका नाही... नाही हो, दुसरं काहीसुद्धा कारण नाही. तुम्ही त्यात मला पहिला नंबर दिलाय ना, तेवढंच जरा...”